दोन नंबरची पंधरा मतं

माझी बायको फिजिओथेरपिस्ट आहे. टूनगॅबी स्टेशनपासून पाच मिनिटांवर तिचं क्लिनिक आहे. एका वर्षी तिच्याकडे एकाच फूटपाथवर पडलेले चार पेशंट आले. दोघांचं मनगट, एकाचा गुडघा आणि एका आजींचा खांदा. झाडाच्या मुळांनी सिमेंटच्या लाद्या वर उचलल्या होत्या आणि माणसं त्यांना अडखळत होती. हिने काउन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, ईमेल पाठवला. उत्तर आलं की तुमचा ईमेल मिळाला. हिने पुन्हा पाठवला. तोही मिळाला. असे सहा ईमेल मिळाल्यावर एका पेशंटने तिला सांगितलं की महिन्यातून एकदा स्काउट हॉलमध्ये पक्षाच्या ब्रँचची मीटिंग असते, तिथे काउन्सिलर येतो, त्याला तोंडावर सांग.

ती मंगळवारी संध्याकाळी तक्रार करायला गेली आणि पक्षाची मेंबर होऊन परत आली.

"फूटपाथचं काय झालं?" मी विचारलं.

"ठराव मांडायचा तर मेंबर असावं लागतं."

पुढच्या महिन्यात मीही मेंबर झालो. ठरावाला अनुमोदन लागतं, आणि तिथल्या कुणाला अजून तिचं नाव नीट म्हणता येत नव्हतं. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्याने केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या आणि त्याला राग येणार नाही अशा भाषेत लिहून कळवायच्या, हे माझं काम. राजकारणात पडण्याचा माझा काही विचार नव्हता. चिंचवडला असताना मी सोसायटीच्या वार्षिक सभेलासुद्धा कधी गेलो नव्हतो.

ब्रँच म्हणजे नऊ माणसं, दोन लांब टेबलं आणि एक किटली. हॉलची किल्ली एका बाईंकडे असायची. वय सत्तरच्या पुढे, केस बारीक कापलेले, पायात बाराही महिने तेच सँडल. मी त्यांना लगेच ओळखलं. आमची मुलगी प्रायमरीत असताना शाळेसमोर हातात स्टॉपची गोल पाटी घेऊन मुलांना रस्ता क्रॉस करून द्यायच्या त्या ह्याच. त्या कामाच्या बाईला इथे लॉलीपॉप लेडी म्हणतात. सोळा वर्षं त्यांनी ते काम केलं होतं आणि चाळीस वर्षं त्या पक्षात होत्या. चाळीस वर्षांत कुठल्याही पदाला उभ्या राहिल्या नव्हत्या, कारण कुणी विचारलं नव्हतं.

फूटपाथचा ठराव एकमताने मंजूर झाला. त्याचं पुढे काही झालं नाही, पण शनिवारी सकाळी ह्या बाई मेजरिंग टेप आणि खडू घेऊन आमच्या दारात हजर. दोघींनी सगळा फूटपाथ मोजला. जिथे लादी वर आली होती तिथे खडूने गोल काढला आणि किती आली तो आकडा लिहिला. हे काम तीन शनिवार चाललं. पहिल्या शनिवारनंतर पाऊस आल्यामुळे सगळं परत मोजावं लागलं.

"बाई बऱ्या आहेत," ही मला म्हणाली. "मी बोलत असताना मधे बोलत नाहीत."

आमच्याकडे ही मोठीच तारीफ समजली जाते.

दीडेक वर्षाने आमच्या वॉर्डाचा काउन्सिलर आता बास म्हणाला. त्याच्या जागी पक्षातर्फे कोण उभं राहणार हे वॉर्डातल्या सगळ्या ब्रँचच्या मेंबरांनी मत देऊन ठरवायचं होतं. इथे त्याला प्रीसिलेक्शन म्हणतात. खऱ्या निवडणुकीच्या आधीची घरातली निवडणूक. बायकोने अर्ज भरला. मला भरल्यावर सांगितलं. माझी हरकत नव्हती, पण विचारलं असतं तर मी थोडा वेळ विचार केल्यासारखं दाखवलं असतं.

आता मेंबर लागणार होते. सुदैवाने किंवा दुर्दैवाने, वर्षभर आधीच आमच्या मराठी ग्रुपमधले बरेच जण हिच्या नादाने मेंबर झाले होते. एका पॉटलकच्या दुपारी, जेवणं होऊन सगळे सुस्तावलेले असताना तिने फूटपाथवर दहा मिनिटं भाषण केलं आणि फॉर्मची लिंक पाठवली. ज्याने त्याने आपला फॉर्म आपणच भरायचा असा नियम आहे. लोकांनी तो श्रीखंड खात भरला. मत द्यायला मिळावं म्हणून वर्षात ठराविक मीटिंगांना हजर राहून रजिस्टरमध्ये सही करावी लागते. त्यामुळे नऊ माणसांच्या मीटिंगला तीस माणसं येऊ लागली. वॉर्डाबाहेर कॅसल हिलला घर घेऊन गेलेल्या दोन जोडप्यांना मत नव्हतं, तरी ती चहाला म्हणून यायची. किटली पुरेना, तेव्हा बाईंनी घरून पाणी उकळायचा मोठा अर्न आणला. एवढी माणसं अचानक कुठून आली असं त्यांनी विचारलं नाही. साखर किती लागेल एवढंच विचारलं.

मी एक्सेल शीट केली. प्रत्येक मेंबरपुढे हिरवा, पिवळा किंवा लाल रंग. हिरवा म्हणजे नक्की. बायको रोज संध्याकाळी फोन करायची आणि मी रंग भरायचो. शेवटी अडतीस हिरवे झाले. टेस्टर म्हणून मला तेव्हाच शंका यायला हवी होती. सगळ्या टेस्ट पहिल्या फटक्यात पास झाल्या तर बहुतेक वेळा टेस्टच चुकलेली असते.

उमेदवार तिघे होते. एक माझी बायको. दुसरा एका खासदाराच्या ऑफिसात काम करणारा तिशीतला माणूस. त्याचं बूट-शर्ट सगळं नीट असायचं, इंग्रजी झरझर, आणि तो वॉर्डातल्या प्रत्येकाला मेट, म्हणजे दोस्त, म्हणायचा. तिसऱ्या त्या बाई. ह्या वेळी त्यांना कुणीतरी विचारलं होतं. विचारणारी माझी बायकोच होती, सहा महिन्यांपूर्वी, फूटपाथ पुन्हा एकदा मोजून मेजरिंग टेप गुंडाळताना. तेव्हा त्या नको म्हणाल्या होत्या. मग त्यांनी विचार केला आणि हो म्हणाल्या, पण तोवर हिचा अर्ज गेलेला होता.

"मी मागे घेऊ का?" ही बाईंना म्हणाली.

"डोन्ट बी सिली, लव्ह," बाई म्हणाल्या.

इथे मत देताना नुसती खूण करून चालत नाही. सगळ्या नावांपुढे आकडे घालायचे, एक, दोन, तीन. सगळ्यात कमी मतं पडलेला उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिकांवर दोन नंबर ज्याला असेल त्याला ती मतं जातात. म्हणून दोन नंबरला फार भाव. हे मला त्या ऑफिसवाल्या तरुणाने समजावून सांगितलं, आमच्या डायनिंग टेबलावर, पेपर नॅपकिनवर आकडे लिहून. तो शनिवारी दुपारी बोलणी करायला आला होता. दारात मला म्हणाला, "सॉरी मेट, आय डोन्ट थिंक वी हॅव मेट." आम्ही त्याआधी तीनदा भेटलो होतो. दोनदा मी त्याच्या शेजारी बसलो होतो.

बायकोने साबुदाणा वडे केले होते. तिखट चालेल का विचारल्यावर तो "लव्ह इट" म्हणाला आणि दोन वडे रडत खाल्ले.

"शी इज लव्हली," तो बाईंबद्दल म्हणाला, "पण ती तिसरी येणार. प्रश्न आपल्या दोघांचा आहे. तुझ्या लोकांनी मला दोन नंबर द्यायचा, माझ्या लोकांनी तुला. मग आपल्यापैकी कुणीतरी नक्की."

बायकोने विचार केला. मग हात पुढे केला. त्याने तो हलवला, माझाही हलवला आणि निघताना मला म्हणाला, "ग्रेट टू फायनली मीट यू." हा फायनली मला पुढे बरेच दिवस आठवत राहिला. माझा स्वभाव तसा कुढणारा नाही. पण आपण दिसतच नाही असं एखाद्याने चार वेळा सिद्ध केलं की माणूस त्यावर थोडा विचार करतो.

दुसऱ्या दिवशी ही बाईंकडे गेली आणि तिने त्यांना सगळं सांगितलं. लपवून ठेवणं तिला जमत नाही. बाई झाडांना पाणी घालत होत्या.

"फेअर इनफ," त्या म्हणाल्या. "असंच करतात ते. मी मात्र तुलाच दोन नंबर देणार आहे. बाकीच्यांना मी काही सांगितलेलं नाही."

ही घरी आली आणि तिने फ्रिज साफ करायला काढला. तो स्वच्छच होता.

ह्या सगळ्यात फूटपाथ मतदानाच्या महिनाभर आधीच दुरुस्त झाला. एका सकाळी काउन्सिलचा ट्रक आला, चार माणसांनी लाद्या घासून सपाट केल्या आणि ते निघून गेले. कुणाच्या प्रयत्नाने, ते कळलं नाही. तिन्ही उमेदवारांनी आपापल्या पत्रकात ते घातलं.

मतदान रविवारी सकाळी होतं. हॉलमध्ये पुठ्ठ्याचे तीन आडोसे उभे केले होते आणि प्रत्येकात दोरीने बांधलेली पेन्सिल. आधी भाषणं झाली, प्रत्येकाला पाच मिनिटं. तरुण सात मिनिटं बोलला. माझी बायको चार मिनिटं पन्नास सेकंद बोलली. तिने स्वयंपाकघरात ओव्हनचा टायमर लावून सराव केला होता. बाई दोन मिनिटं बोलल्या. शेवटी म्हणाल्या, "दॅट्स मी. किटली गरम आहे."

मी आडोशात गेलो. बायकोपुढे एक लिहिला. मग तरुणाच्या नावापुढे पेन्सिल नेली आणि तीन लिहिला. ठरवून केलं असं म्हणता येणार नाही, पण चुकून झालं असंही म्हणता येणार नाही. उरलेल्या चौकटीत दोन लिहिण्याशिवाय इलाज नव्हता. पत्रिका घडी करून पेटीत टाकली आणि बाहेर येऊन लॅमिंग्टन खाल्लं. खोबऱ्यात घोळवलेल्या चॉकलेटच्या ह्या केकची मला एरवी फार गोडी नाही. त्या दिवशी दोन खाल्ले.

मोजणीच्या वेळी उमेदवारांनी आत थांबायचं नसतं. प्रत्येकाचा एक माणूस आत बसतो आणि मोजणी नीट होते आहे ना हे बघतो. त्याला स्क्रूटिनीअर म्हणतात. बायकोचा स्क्रूटिनीअर मी होतो. दुसऱ्याचं काम तपासायची सवय असलेला मीच, असं तिचं म्हणणं. तरुणाच्या बाजूने हातात लॅपटॉप घेतलेली एक मुलगी होती. बाईंकडून कुणीच नव्हतं. मोजणी करणारे गृहस्थ दुसऱ्या सबर्बमधून आले होते. रिटायर्ड, बोटांना रबराच्या टोप्या. त्यांनी पेटी टेबलावर उलटी केली.

आधी तीन मतं बाद झाली. एकावर नुसती बरोबरची खूण होती. एकावर फक्त एक आकडा. तिसऱ्यावर तिन्ही नावांपुढे एक, एक, एक. तिघांनाही खूश ठेवणारा हा माणूस कोण असावा याचा मला अंदाज आहे. तो आमच्याकडे दर दिवाळीला येतो.

उरली ब्याऐंशी. तरुणाला एकतीस, बाईंना सत्तावीस आणि माझ्या बायकोला चोवीस.

मी माझ्या फोनवरची एक्सेल शीट बंद केली. अडतीस हिरवे होते. त्यातली बाद धरली तरी अकरा माणसं कुठे गेली हे विचारायची ती जागा नव्हती.

"सो," रबरी टोप्यावाले गृहस्थ म्हणाले, "हिची चोवीस आता वाटायची."

लॅपटॉपवाली मुलगी हसली. तिच्या हिशेबाने चोवीसच्या चोवीस तिच्या उमेदवाराकडे येणार होती. गृहस्थांनी पहिली पत्रिका उचलली, दोन नंबर कुणाला ते वाचलं आणि बाईंच्या ढिगात ठेवली. दुसरी तरुणाच्या. तिसरी बाईंच्या, चौथी बाईंच्या. पाचवी माझी होती. मी माझं अक्षर ओळखलं आणि खिडकीबाहेर बघितलं. बाहेर गमच्या, म्हणजे निलगिरीच्या, झाडाखाली बायको उभी राहून कुणाशी तरी बोलत होती.

मी परत टेबलाकडे बघितलं तेव्हा गृहस्थांच्या हातात अकरावी की बारावी पत्रिका होती. तिच्यावरच्या दोनचं शेपूट मराठी २ सारखं खाली ओढलेलं होतं. फ्रिजवरच्या किराणाच्या यादीत मी ते दोन गेली अठरा वर्षं वाचत आलो आहे. दोन ब्रेड, दोन दूध, दोन जुड्या कोथिंबीर. ते दोन बाईंच्या नावापुढे होतं. गृहस्थांनी पत्रिका बाईंच्या ढिगात ठेवली.

मी चेहरा हलू दिला नाही. हे मला ऑफिसच्या मीटिंगांनी शिकवलं आहे.

शेवटी चोवीसपैकी नऊ तरुणाला गेली आणि पंधरा बाईंना. चाळीस विरुद्ध बेचाळीस. गृहस्थांनी दोनदा मोजली. मुलगी लॅपटॉप बंद करून माझ्याकडे बघत म्हणाली, "मेट." एवढंच. मी "आय नो" म्हणालो. ते तर खरंच होतं.

निकाल जाहीर झाला तेव्हा बाई सिंकपाशी कप धूत होत्या. "ओह डिअर," त्या म्हणाल्या आणि हात पुसायला टॉवेल शोधू लागल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या लोकांनी सगळ्यात जोरात वाजवल्या, मग त्यांच्या लक्षात आलं आणि थांबले. तरुणाने सगळ्यांशी हात मिळवले. हे मात्र कबूल करायला हवं, तो मोडला नाही, चिडलाही नाही. माझ्या बायकोपाशी आल्यावर हळू आवाजात म्हणाला, "वी हॅड अ डील."

"आय नो," ही म्हणाली.

आम्ही कारमध्ये बसलो. ती गाडी चालवत होती. पहिल्या सिग्नलला गाडी थांबली.

"पंधरा," ती म्हणाली.

"हो."

"त्यातलं एक माझं होतं."

"माहीत आहे. तुझ्या दोनला शेपूट असतं."

ती म्हणाली, "मी लिहायला गेले ना, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या ते आठवलं. मी तुलाच दोन नंबर देणार आहे म्हणून. मला नाही लिहवलं त्याच्या नावापुढे. मी हात मिळवला होता रे त्याच्याशी. आपल्या घरात. असं कुणी करतं का?"

तिचे डोळे भरून आले होते. हरल्याचं नव्हतं ते. मला वाटलं तिला एकटं वाटू नये, म्हणून मी म्हणालो, "एक माझंही होतं."

सांगायची ही वेळ नव्हती.

"काय?"

"मीही बाईंनाच दिला दोन नंबर."

सिग्नल हिरवा झाला. मागच्याने हॉर्न दिला. तिने गाडी पुढे घेऊन एका बंद दुकानासमोर थांबवली.

"तू का दिलास?"

"तसं काही... तो मला ओळखत नाही."

"म्हणजे?"

"चार वेळा भेटलाय. दर वेळी नव्याने."

"म्हणून?" ती म्हणाली. "अरे, शब्द मी दिला होता. मी मोडला, तो माझा होता. माझं मी बघेन. तू माझा शब्द कसा मोडलास?"

मी म्हणालो, "दोघांनी पाळला असता तर तो जिंकला असता. बेचाळीस-चाळीस."

"मला हिशेब येतो."

"पंधरातल्या कुठल्याही दोघांना तसं म्हणता येईल."

"बाकीचे तेरा माझ्या घरात राहत नाहीत," ती म्हणाली आणि गाडी सुरू केली.

घरी मुलगी नाश्ता करत होती. दुपारचा एक वाजला होता. ती आता दहावीत आहे आणि रविवारी तिची सकाळ तेव्हाच होते.

"सो? डिड यू विन?"

"नाही."

"हू वन?"

आम्ही सांगितलं.

"द लॉलीपॉप लेडी? मम, दॅट्स ऑसम," ती म्हणाली, मग आईचा चेहरा बघून म्हणाली, "आय मीन, सॉरी." आणि वाटी घेऊन आपल्या खोलीत गेली.

त्या संध्याकाळपासून फोन सुरू झाले. "अगं, आम्ही दोघांनी तुलाच एक नंबर दिला." "तुम्ही उगाच हरलात, आमचं मत तर तुम्हालाच होतं." पॉइंट कुकला असलेल्या हिच्या मावसभावानेही मेलबर्नहून फोन करून सांगितलं की त्याचं मत असतं तर हिलाच असतं. बुधवारपर्यंत आम्हाला एक नंबर दिलेली एकेचाळीस माणसं झाली. ती प्रत्येकाला थँक्यू म्हणाली. मी त्यांचे रंग बदलायला घेतले होते, मग सोडून दिलं. दोन नंबरबद्दल मात्र कुणी अक्षर काढलं नाही.

माझ्याशी ती बोलत होती, पण कामापुरतं. गॅस बंद कर. कचऱ्याचा बिन बाहेर ठेव. लाल झाकणाचा, हिरव्या नाही. असे चार दिवस गेले. तिच्या रागाची मला सवय आहे. तो येतो, मोठा होतो, जातो. हा मात्र एका जागी बसून होता. मी एकदा सॉरी म्हणालो. ती म्हणाली, "मला का म्हणतोस?"

गुरुवारी लंच ब्रेकमध्ये तिने क्लिनिकमधून त्या तरुणाला फोन केला आणि सांगितलं की पंधरातलं एक मत माझं होतं, शब्द दिला होता, पाळला नाही, त्याबद्दल माफ कर. माझं नाव तिने काढलं नाही.

"मग? काय म्हणाला तो?" मी संध्याकाळी विचारलं.

"थँक्स म्हणाला, सांगितल्याबद्दल. मग म्हणाला की त्याच्या लोकांनी तरी मला दोन नंबर दिला असता की नाही, कुणाला माहीत." तिने बॅग खुर्चीवर ठेवली. "त्याची मतं वाटायची वेळच आली नाही ना. कुणी बघितलीच नाहीत ती."

"मीही बोलू का त्याच्याशी?"

"ते तुझं तू ठरव," ती म्हणाली. माझा अंदाज आहे की हेच उत्तर तिला हवं होतं.

मी त्याला शुक्रवारी ऑफिसला जायच्या आधी स्टेशनसमोरच्या कॉफीच्या खिडकीपाशी गाठलं. "हाय मेट," तो म्हणाला आणि त्याच्या चेहऱ्यावर ती शोधाशोध सुरू झाली. मी त्याला वाचवलं. मी कोण ते सांगितलं आणि पंधरातलं दुसरं मत माझं होतं तेही सांगितलं.

त्याने कॉफीचा कप खाली ठेवला. "यू टू? व्हाय?"

मी कारण सांगितलं. मोठ्याने सांगताना ते फार लहान वाटलं. अडतीस लोकांची शीट केलेला माणूस, आणि कारण काय, तर ओळख दिली नाही. मला वाटलं तो हसेल. तो हसला नाही. म्हणाला, "माझ्या लक्षात चेहरे राहत नाहीत. खरंच राहत नाहीत. माझ्या बॉसच्या बायकोलाही मी दोनदा विचारलंय की तुम्ही कोण. म्हणून तर सगळ्यांना मेट म्हणतो."

मी सॉरी म्हणालो. ह्या वेळी मनापासून. त्याची ट्रेन आली आणि तो धावत गेला. पुढे तो दुसऱ्या वॉर्डातून उभा राहिला आणि पडला. आता तो राजकारण सोडून कुठल्याशा विमा कंपनीत आहे असं ऐकतो.

त्या संध्याकाळी मी घरी येऊन बायकोला हे सांगितलं. ती कणीक मळत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बिचारा." मग म्हणाली, "तूही." मग मला पोळ्या शेकायला उभं केलं. आमच्यातलं ते प्रकरण तिथे मिटलं असं मी धरतो. अधूनमधून, मी काही न विचारता केलं की ती नुसती दोन बोटं वर करते.

काउन्सिलच्या निवडणुकीत पक्षाच्या यादीत पहिलं नाव बाईंचं होतं. दुसऱ्या जागेसाठी त्यांनी हिला विचारलं. त्या जागेवरून निवडून यायची शक्यता नव्हती, पण नाव लागतं. ही हो म्हणाली. मतदानाच्या शनिवारी दोघी शाळेच्या गेटपाशी सकाळी आठपासून आकडे कसे घालायचे ते सांगणारी कार्डं वाटत उभ्या होत्या. ऊन होतं, शेजारी विकायला भाजत असलेल्या सॉसेजच्या धुराने डोळे चुरचुरत होते. येणाऱ्यांपैकी निम्मे तरुण बाईंना लहानपणापासून ओळखत होते. अजूनही त्या हात वर करतील तर थांबतील असे. बाई निवडून आल्या. ही आली नाही.

बाईंची पहिली काउन्सिल मीटिंग आम्ही लाइव्ह स्ट्रीमवर बघितली. लॅपटॉप ओट्यावर ठेवून ही भाजी निवडत होती. मीटिंगमध्ये तास-दीड तास पार्किंग चाललं. मग बाईंची पाळी आली. त्यांनी चष्मा लावला, कागद हातात घेतला आणि पार्कमधलं टॉयलेट संध्याकाळी पाचलाच का बंद होतं ह्यावर बोलू लागल्या. त्यांचे ओठ हलत होते. आवाज येत नव्हता.

"माईक!" बायको स्क्रीनवर ओरडली. "अहो, माईक चालू करा!"

बाई बोलतच होत्या. मधेच त्यांनी कागद उलटला. शेवटी शेजारच्या काउन्सिलरने वाकून त्यांना काहीतरी दाखवलं. त्यांनी बटण दाबलं, "सॉरी, लव्ह," म्हणाल्या, कागद परत सरळ केला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला लागल्या. बायकोने मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि खुर्ची ओढून बसली.